आठव्या दिवशीचा नकार

दहावीच्या भूमितीत ज्याच्या नावाचे प्रमेय येते तो थेल्स मिलेटसचा. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे ग्रीक शहर. त्याला चार बंदरे होती आणि काळ्या समुद्राच्या काठी त्याच्या अनेक वसाहती होत्या. मी मात्र अडकलो ते त्याच्या पराभवाच्या कथेत.

इराणी साम्राज्याविरुद्ध इथल्या ग्रीक शहरांनी इ.स.पू. ४९९ मध्ये बंड केले. पुढाकार मिलेटसचा होता. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी फौज आणि आरमार शहरावर चालून आले. ग्रीकांनी समोरच्या लादे बेटापाशी समुद्रात लढायचे ठरवले. हिरोडोटसच्या मते ग्रीकांच्या नौका ३५३, तर शत्रूच्या ६०० होत्या.

फोकाया शहराचा डायोनिसियस तीनच नौका घेऊन आला होता, तरी सर्वांनी सराव त्याच्यावर सोपवला. तो रोज नौका एकामागे एक बाहेर काढी. शत्रूची फळी फोडून पलीकडे निघण्याचा डाव वल्हेकऱ्यांकडून घोटून घेई. नौकांवरचे सैनिक पूर्ण शस्त्रांनिशी उभे असत. उरलेला दिवसही नौका नांगरूनच ठेवायच्या. सात दिवस सर्वांनी ऐकले. आठव्या दिवशी, तीन नौकांचा धनी आम्हाला राबवणारा कोण, असे म्हणून ते बेटावर तंबू ठोकून सावलीत बसले.

वाचताना आधी हसू आले. मग जूनमधली आमची ड्रिल आठवली! त्यांच्यातले बरेच जण आजारी पडले होते, हेही हिरोडोटस लिहितो. माझ्या मते खरे नुकसान विश्रांतीने झाले नाही. ती बेशिस्त सॅमॉसचे सेनानी पाहत होते. इराण्यांकडून आलेला फितुरीचा निरोप त्यांनी तेव्हा स्वीकारला.

लढाई सुरू होताच सॅमॉसच्या ६० पैकी ४९ नौका शिडे उभारून निघून गेल्या. मागोमाग लेस्बॉसच्या ७० नौका गेल्या. सॅमॉसच्या ११ कप्तानांनी मात्र आपल्याच सेनानींचा हुकूम मोडला आणि ते लढत राहिले. पुढे त्यांच्याच शहराने त्यांची नावे स्तंभावर कोरली. आम्हां कॅडेटांना हुकूम मोडण्याचे असे उदाहरण सहसा कोणी सांगत नाही. कीऑसच्या १०० नौकाही फळी फोडत झुंजल्या, पण त्यांतल्या बहुतेक बुडाल्या किंवा निकामी झाल्या.

नंतर इराण्यांनी तटाखाली भुयारे खणून मिलेटस घेतले. बहुतेक पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम झाली आणि उरलेल्यांना तैग्रिस नदीच्या मुखाजवळ नेऊन वसवले. अथेन्समध्ये फ्रिनिकसने यावर नाटक केले, तेव्हा प्रेक्षक रडले. आपलेच दुःख आठवून दिले म्हणून त्याला १००० द्राख्मा दंड झाला.

नकाशावर मी लादे बेट शोधले. ते आता बेट राहिलेले नाही. मिअँडर नदीच्या गाळाने खाडी भरून टाकली आहे आणि बंदरांचे हे शहर समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत पडले आहे. ज्या सावलीत ते लोक बसले होते, ती जागा आज शेतांमधली एक टेकडी आहे.