मशीन लर्निंगची परिषद : जाण्याची तयारी कशी करावी?

आज आपल्या घराघरांतील मुले-मुली संगणकशास्त्राच्या पदवीपर्यंत पोहोचली आहेत. काही एम. टेक. करीत आहेत, काही पीएच. डी.च्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यापैकी एखादी मुलगी घरी येऊन सांगते, ''माझा शोधनिबंध परिषदेने स्वीकारला, मला व्हँकुव्हरला जायचे आहे.'' घरात आनंद होतो, पेढे वाटले जातात. चार दिवसांनी प्रश्न उभे राहतात. पासपोर्ट काढला आहे काय? व्हिसा किती दिवसांत मिळतो? पैसे कोठून आणायचे? पुष्कळ वेळा येथेच जाणे राहून जाते. बुद्धीने मिळविलेली जागा तयारीला उशीर झाल्यामुळे हातची निसटते. असे होऊ नये म्हणून ही तयारी कशी आणि केव्हा करावी, हे विद्यार्थी व पालक दोघांनाही समजेल अशा रीतीने येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

परिषद म्हणजे काय?

प्रथम विषयाची थोडी ओळख करून घेऊ. मशीन लर्निंग म्हणजे संगणकाला एकेक नियम लिहून न देता पुष्कळ उदाहरणे दाखवून शिकविणे. पाकिटावरचा हाताने लिहिलेला पिनकोड घ्या. प्रत्येकाचा '७' निराळा असतो. त्याचा नियम लिहिणे कठीण. परंतु हजारो नमुने दाखविले की यंत्र तो ओळखू लागते. १९८९ साली यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या टपालावरील अंक याच पद्धतीने संगणकाकडून वाचून घेतले होते.

इतर अनेक शास्त्रांत संशोधन प्रामुख्याने नियतकालिकांतून छापले जाते. या शास्त्रात मात्र परिषदेत निवडलेल्या निबंधाला तोच मान आहे. नूरिप्स, आयसीएमएल आणि आयसीएलआर या तीन परिषदा त्यांत अग्रगण्य मानल्या जातात. नूरिप्स १९८७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे प्रथम भरली. आजच्या संवाद करणाऱ्या संगणक-प्रणालींच्या मुळाशी असलेली 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना २०१७ साली याच परिषदेत, लाँग बीच येथे मांडली गेली. स्पर्धाही तितकीच तीव्र आहे. २०२३ साली नूरिप्सकडे १२,३४३ निबंध आले. त्यांपैकी ३,२१८ स्वीकारले गेले, म्हणजे साधारण चारांत एक.

जायचे कशासाठी?

कोणी विचारील, हे सर्व निबंध तर घरबसल्या फुकट वाचता येतात, मग लाखभर रुपये खर्चून जायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. निबंध मोफत मिळतात, भाषणांची चित्रमुद्रणेही काही काळाने खुली होतात. केवळ ऐकण्यासाठी जायचे असेल तर जाऊ नये, असेच आमचे मत आहे.

परंतु परिषदेचा खरा कारभार पोस्टरपाशी चालतो. मोठ्या दालनात शेकडो फलक लागतात, प्रत्येकाशेजारी लेखक उभा असतो आणि दोन-तीन तास येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपले काम समजावून सांगतो. ज्यांची पुस्तके आपण अभ्यासली तेही तेथे थांबून प्रश्न विचारतात. पुढची पीएच. डी. कोणाकडे करायची, कोणत्या प्रयोगशाळेत उमेदवारी मिळेल, आपल्या कामातील कच्चा दुवा कोणता, हे तेथील दहा मिनिटांच्या बोलण्यातून कळते. ज्यांच्या घरात आधी कोणी संशोधक झाला नाही, ज्यांची कोणा प्राध्यापकाशी ओळख नाही, त्यांना ही दहा मिनिटे अधिक मोलाची. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचे न जाताही भागते; ज्यांच्या नाहीत त्यांनी अवश्य जावे.

नकली परिषदांपासून सावध

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. 'आंतरराष्ट्रीय परिषद' असे नाव लावून केवळ शुल्क गोळा करणारे अनेक जण आहेत. त्यांची लक्षणे ठरलेली असतात. निबंध पाठविल्यावर दोन-चार दिवसांत स्वीकृती येते. परीक्षकांचे अभिप्राय येत नाहीत. एकाच परिषदेत संगणक, वैद्यक, व्यवस्थापन आणि शेती असे सर्व विषय असतात. आणि पत्राच्या शेवटी पैसे भरण्याची घाई असते.

खऱ्या परिषदेत सहसा तीन-चार परीक्षक निबंध वाचतात, लेखकाला उत्तर देण्याची संधी मिळते आणि निर्णयास तीन-चार महिने लागतात. आयसीएलआर परिषदेत तर परीक्षकांचे अभिप्राय 'ओपनरिव्ह्यू' या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात, नाकारलेल्या निबंधांचेही. आपला निबंध लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने असे पाच-दहा अभिप्राय वाचावेत. परीक्षक कशावर बोट ठेवतो हे त्यातून फुकट शिकायला मिळते. शंका असेल तेथे पैसे भरण्याआधी आपल्या मार्गदर्शकांना विचारावे.

उलटे वेळापत्रक

तयारीचे मुख्य सूत्र असे की, वेळापत्रक परिषदेच्या दिवसापासून मागे मोजत यावे. उदाहरणार्थ २०२४ ची नूरिप्स घेऊ. परिषद व्हँकुव्हरला १० ते १५ डिसेंबर या काळात झाली. निबंध पाठविण्याची मुदत २२ मे होती आणि निकाल २५ सप्टेंबरला लागला. निकालापासून परिषदेपर्यंत फक्त ७६ दिवस उरले. एवढ्या काळात नोंदणी, निमंत्रणपत्र, आर्थिक साहाय्याचा अर्ज, व्हिसा, तिकीट आणि पोस्टर हे सर्व उरकायचे. ज्याने पासपोर्टचा अर्ज निकालानंतर केला, त्याचे काही दिवस पोलीस तपासणीतच गेले असणार.

म्हणून कामाची वाटणी अशी करावी :

१) निबंध पाठविण्यापूर्वी : पासपोर्ट काढावा. असेल तर त्याची मुदत पाहावी. प्रवासानंतरही निदान सहा महिने ती शिल्लक असावी. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि बँकेचे खाते यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही तपासावे.

२) निबंध पाठविल्यावर, निकालाची वाट पाहत असताना : आर्थिक साहाय्याच्या योजनांची यादी करून प्रत्येकीची अंतिम तारीख वहीत लिहून ठेवावी. बँकेचे विवरण, महाविद्यालयाचे पत्र, पालकांच्या उत्पन्नाचे कागद गोळा करावेत.

३) निकालाच्या आठवड्यात : नोंदणी करावी, निमंत्रणपत्र मागावे आणि व्हिसाचा अर्ज भरावा. येथे एक दिवसही दवडू नये.

४) परिषदेपूर्वी एक महिना : पोस्टर तयार करावे आणि दोन मिनिटांत काम सांगण्याचा सराव करावा.

मुदतीविषयी एक बारकावा सांगतो. अनेक परिषदांची वेळ 'एनिव्हेअर ऑन अर्थ' अशी लिहिलेली असते. पृथ्वीवर सर्वांत शेवटी जेथे दिवस मावळतो, तेथील रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटे असा त्याचा अर्थ. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळचे ५ वाजून २९ मिनिटे झालेले असतात. हे माहीत असेल तर हाती आलेला दिवस निबंध सुधारण्यास वापरता येतो.

पैशाची जुळवाजुळव

खर्चाचे पाच भाग पडतात : नोंदणी, विमानभाडे, निवास, व्हिसा व विमा, आणि रोजचे जेवणखाण. विद्यार्थ्यांना नोंदणी शुल्कात सवलत असते. मात्र स्वीकृत निबंधामागे किमान एका लेखकाने नोंदणी करणे बहुतेक ठिकाणी बंधनकारक आहे. कोणत्या दराने, ते नियमांत नीट वाचावे.

साहाय्याच्या वाटा अनेक आहेत. मोठ्या परिषदा स्वतः गरजू विद्यार्थ्यांना मदत देतात, तसेच स्वयंसेवक म्हणून काही तास काम करणाऱ्यांना नोंदणी माफ करतात. भारतात एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संस्थांची संयुक्त प्रवास-अनुदान योजना आहे. केंद्र शासनाच्या एसईआरबी मंडळाकडूनही आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी साहाय्य मिळत असे. २०२३ च्या कायद्याने ते मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले, तेव्हा चौकशी आता तेथे करावी. आपल्या विद्यापीठाकडे किंवा महाविद्यालयाकडे संशोधनासाठी काही तरतूद आहे का, तेही विचारावे. विचारण्यात संकोच करू नये. अर्ज करणे म्हणजे हात पसरणे नव्हे. ती तरतूद अर्ज करणाऱ्यांसाठीच केलेली असते.

पालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पुष्कळ अनुदाने खर्च झाल्यानंतर, पावत्या दाखविल्यावर मिळतात. म्हणजे अनुदान मंजूर झाले तरी तिकिटाचे पैसे आधी स्वतःलाच भरावे लागतात. ज्याच्या घरी एवढी रोकड नाही त्याचे मंजूर अनुदानही कागदावर राहते. म्हणून साहाय्य किती आणि ते केव्हा हाती येणार, हे दोन्ही प्रश्न आरंभीच लेखी विचारून घ्यावेत. विमानाच्या बोर्डिंग पासपासून सर्व पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात.

व्हिसाचा अडसर

निमंत्रणपत्र म्हणजे व्हिसाची हमी नव्हे. २०१८ साली माँट्रियल येथे आणि २०१९ साली व्हँकुव्हर येथे नूरिप्स भरली, तेव्हा 'ब्लॅक इन एआय' या गटाच्या कार्यशाळेसाठी निघालेल्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला. ज्यांचे काम परीक्षकांनी निवडले होते तेच दाराबाहेर राहिले. हे सर्व प्रसिद्ध झाले आणि त्यावर चर्चाही झाली. आयसीएलआर परिषदेने २०२० चे अधिवेशन इथिओपियातील अदिस अबाबा येथे घेण्याचे ठरविले होते; कोरोनाच्या साथीमुळे ते दूरस्थ पद्धतीने करावे लागले. पुढे २०२३ साली हीच परिषद रवांडातील किगाली शहरी भरली. २०२५ साली नूरिप्सनेही सॅन दिएगोसोबत मेक्सिको सिटी येथे दुसरे केंद्र ठेवले. वाढती गर्दी आणि व्हिसाच्या अडचणी ही त्याची कारणे होती. तक्रार नेमकेपणाने आणि एकत्रितपणे मांडली तर व्यवस्था थोडी तरी हलते, हे यावरून दिसते.

अर्जदाराच्या हाती आहे ते एवढेच : अर्ज लवकर करावा, कागदपत्रे पूर्ण जोडावीत, आणि आपण परत येणार हे शिक्षण, नोकरी व कुटुंब यांच्या पुराव्यांनी स्पष्ट करावे. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचे असेल तर तेथील ट्रान्झिट व्हिसा लागतो काय, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. व्हिसा हाती येईपर्यंत शक्यतो परतावा मिळणारे तिकीट व निवास घ्यावा. एवढे करूनही व्हिसा नाकारला गेला तर खचून जाऊ नये. निबंध स्वीकृतच राहतो का आणि सादरीकरण सहलेखकाने किंवा दूरस्थ पद्धतीने चालेल काय, हे परिषदेला ताबडतोब कळवून विचारावे.

तेथे पोहोचल्यावर

हजारो माणसांत नवखा विद्यार्थी गांगरतो. त्यासाठी जाण्यापूर्वीच कार्यक्रमपत्रिका वाचून रोजचे चार-पाच पोस्टर आणि एक-दोन भाषणे निवडावीत. सर्व पाहण्याचा हव्यास धरू नये. ज्या पाच-सहा संशोधकांना भेटायचे त्यांना आठ-दहा दिवस आधी चार ओळींचे पत्र पाठवावे : मी कोण, माझे काम काय, आपल्याशी दहा मिनिटे कोणत्या प्रश्नावर बोलायचे आहे. इंग्रजी अस्खलित नसले तरी बिघडत नाही; तेथे जमलेल्यांपैकी कित्येकांची ती मातृभाषा नसते. पोस्टर कापडावर छापून घेतले तर घडी करून सामानात नेता येते. रोज रात्री भेटलेल्यांची नावे व बोलणे वहीत टिपावे आणि परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकास आभाराचे पत्र लिहावे. या पत्रांमुळे परिषदेतील ओळख पुढे टिकते.

आरंभ जवळून करावा

प्रत्येकाने पहिल्याच खेपेला समुद्र ओलांडला पाहिजे असे नाही. संगणकीय भाषाविज्ञानाची कोलिंग परिषद २०१२ च्या डिसेंबरात मुंबईच्या आयआयटीत भरली होती. भाषा-तंत्रज्ञानाचीच आयजेसीएनएलपी-एएसीएल ही परिषद २०२५ च्या डिसेंबरात तेथेच झाली. नागपूर, नांदेड वा कोल्हापूरच्या विद्यार्थ्यासाठी हे रात्रीच्या गाडीचे अंतर आहे. व्हिसा लागत नाही. अशा परिषदेस निबंध नसला तरी नोंदणी करून जावे, पोस्टरपाशी उभे राहून प्रश्न विचारण्याची सवय लावावी. मुख्य परिषदांना जोडून कार्यशाळाही होतात. तेथे अपुऱ्या, चालू कामालाही जागा मिळते. पहिला निबंध तेथे पाठविणे शहाणपणाचे.

शेवटी गावोगावच्या मंडळांना व संस्थांना आमची एक नम्र सूचना आहे. गुणवंतांच्या सत्कारात शाल आणि श्रीफळ अवश्य द्यावे. त्याबरोबर एक लहानसा फिरता निधीही उभारावा. स्वीकृत निबंध आणि मंजूर अनुदानाचे पत्र दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास तिकिटापुरती रक्कम बिनव्याजी द्यावी आणि अनुदान येताच ती परत घ्यावी. तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. आणि जो जाऊन आला, त्याने आपली अर्जांची प्रत, खर्चाचा हिशेब आणि तारखांची वही संस्थेकडे ठेवावी, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्याला ही वाट पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागणार नाही.