मोर सगळ्यांचा, पाहुणा कोणाचा?

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर अशी कारखान्यांची आणि गोदामांची रांग लागते. शिक्रापूरहून आत कान्हूर मेसाईच्या दिशेनं वळलं की माळरान सुरू होतं. शिरूर तालुक्यातल्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोराची चिंचोली आहे. इथल्या चिंचा पेशवाईत लावल्या, असं गावकरी सांगतात. मोर त्याच झाडांवर रात्र काढतात आणि उजाडलं की अंगणात कोंबड्यांच्या दाण्यात वाटा घ्यायला उतरतात.

गाव ओस पडू लागलं की जवळ आहे त्यातूनच वाट काढावी लागते, हे चिंचोलीच्या आधी जपाननं पाहिलं. तिथं 2023 च्या पाहणीत सुमारे 90 लाख घरं रिकामी आढळली. तिथल्याच शिकोकू बेटावरच्या कामिकात्सू गावात 1981 च्या कडाक्याच्या थंडीनं संत्रावर्गीय फळांच्या बागा गेल्या. पुढं 1986 मध्ये शेती सहकारी संस्थेतल्या तोमोजी योकोइशींनी हॉटेलांच्या ताटांत सजावटीला लागणारी पानं गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा करायला सुरुवात केली. डोंगरातला पाला गावाचं उत्पन्न झाला.

शिरूरचं दुखणं वेगळं. इथं घरांना कुलपं नाहीत. पोरं रांजणगाव एमआयडीसीत पाळीला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. ओस पडतं ते रान. चिंचोलीतल्या काही शेतकरी कुटुंबांनी कृषी पर्यटन सुरू केलं, ते याच रानाच्या जोरावर. राज्याचं कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर 2020 मध्ये आलं. गाव त्याआधीच कामाला लागलं होतं.

खरी कमाई हुरड्याच्या दिवसांत. आगटीत गोवऱ्यांचा आर धरतो, कणसं त्यात खुपसतात, भाजली की तळहातावर चोळून दाणे वेगळे करतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हंगाम लांबावा म्हणून ज्वारीही टप्प्याटप्प्यानं पेरावी लागते. गंमत अशी की भीमेपलीकडं दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी पोचलं, तिथं ऊस आला, यवत-केडगावात गुऱ्हाळं लागली आणि ज्वारी मागं हटली. पाण्यानं दौंडला गूळ दिला. हुरडा मात्र कोरडवाहूकडंच राहिला.

पाहुण्याला हुरड्यासोबत पिसारा फुलवलेला मोरही हवा असतो. तो योग जुळत नाही. मोर नाचतो पावसाळ्यात. पावसाळा सरता सरता पिसं झडतात आणि हिवाळ्यात नवी वाढत असतात. हे आधीच सांगणारा यजमान मला जाहिरातीपेक्षा भरवशाचा वाटतो.

आता अवघड भाग. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मोराला पूर्ण संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी इथल्या माणसानं त्याच्यावर दगड उचलला नसता. पण मोर बांध ओळखत नाही. पेरलेलं बी, भुईमूग, कोवळी रोपं, जे दिसेल ते तो उकरतो. पर्यटन केंद्र ज्याचं, पैसा त्याच्या गल्ल्यात. नुकसान शेजाऱ्याच्या वावरातही. कामिकात्सूत पान तोडणाऱ्या प्रत्येकीच्या नावावर रक्कम जमा होते, कारण पान कोणाच्या झाडाचं ते ठाऊक असतं. मोराचा असा सातबारा नाही. म्हणून गावाच्या नावावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागं थोडी रक्कम वेगळी काढावी. त्यातून उन्हाळ्यात मोरांसाठी पाणी भरावं आणि ज्याचा भुईमूग उकरला गेला त्याला बियाण्याचे पैसे द्यावेत. दर किती ठेवायचा, ते ग्रामसभेनं ठरवावं, आणि तेही हुरड्याची पेरणी होण्याआधी.