पेडल स्टील गिटारचा श्रीगणेशा

गिटार हें नांव ऐकतांच डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, त्याच्याशीं पेडल स्टील गिटारचें फारसें साम्य नाहीं. ती छातीशीं धरून वाजवावयाची नसते. चार पायांवर उभ्या केलेल्या अरुंद मेजासारखें तिचें रूप असतें; वर दहा तारा आडव्या ताणलेल्या, खालीं तीन पेडलें आणि गुडघ्यांनीं ढकलावयाचे चार-पांच दांडे. वादकाच्या उजव्या हाताच्या अंगठ्यांत व दोन बोटांत नख्या असतात, डाव्या हातांत गुळगुळीत पोलादी कांडी, डावें पाऊल पेडलांवर, गुडघे दांड्यांच्या मध्यें, आणि उजवें पाऊल आवाज कमीजास्त करणाऱ्या एका निराळ्या पेडलावर. शिवणयंत्रावर बसलेल्या शिंप्याची आठवण व्हावी असा हा सारा थाट आहे.

एवढीं गात्रें एकदम कामाला लागलेलीं पाहून नवशिका घाबरतो, आणि बहुधा भलत्याच गोष्टीला घाबरतो. पायांची गुंतागुंत कालांतरानें अंगवळणीं पडते. खरी परीक्षा कानाची असते, व ती पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. हें न उमगल्यामुळें हौसेनें घेतलेलें वाद्य कांहीं महिन्यांतच पेटींत बंद होऊन पडतें. आणि दोष मात्र बिचाऱ्या पेडलांना दिला जातो.

या वाद्याचें मूळ हवाई बेटांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील जोसेफ केकुकू या तरुणानें तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजविण्याची रीत रूढ केली. १९१५ सालच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रदर्शनानंतर अमेरिकेंत हवाई संगीताची लाटच उसळली, व पुढें ती हिंदुस्थानापर्यंत येऊन पोहोंचली. व्हॅन शिप्ले यांनीं चित्रपटगीतांच्या धुना जिच्यावर वाजविल्या, किंवा ब्रिजभूषण काबरा यांनीं १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत जी वाजविली, ती गिटार याच कुळांतली होय.

परंतु त्या गिटारला एक मर्यादा आहे. कांडी सरळ सरकविली कीं तिच्याखालील साऱ्या तारा सारख्याच अंतरानें चढतात वा उतरतात. रागाच्या आलापीला याची अडचण वाटत नाहीं, कारण तेथें मुख्यतः एकच तार गात असते. पाश्चात्य संगीताला मात्र तीन-चार स्वरांचा समूह एकाच वेळीं हवा असतो, आणि एका समूहांतून दुसऱ्यांत जातांना त्यांतील एक स्वर स्थिर, दुसरा अर्ध्या पायरीनें वर, तिसरा पूर्ण पायरीनें वर, असें व्हावें लागतें. तें काम पेडलांचें. पेडलें पूर्वींहि होतीं, पण मुख्यतः जुळणी बदलण्याची सोय म्हणून. १९५४ सालीं गाजलेल्या वेब पियर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यांत बड आयझॅक्स यांनीं तारा निनादत असतांनाच पेडल दाबलें, आणि एक स्वरसमूह दुसऱ्यांत वितळून गेल्यासारखा ऐकूं आला. त्या एका पेडलानें होणारीं दोन कामें बडी एमन्स यांनीं पुढें दोन पेडलांत विभागलीं. आज नॅशव्हिलच्या पद्धतीची जी मांडणी सर्वत्र शिकविली जाते, ती त्यांतूनच घडली.

ही मांडणी मराठी श्रोत्याला सरगमाच्या भाषेंत सहज समजण्याजोगी आहे. 'ई नाइन्थ' नांवाच्या प्रचलित जुळणींत ई स्वराला षड्ज मानलें, तर दहांपैकीं सहा तारा सा, ग, प या स्वरांच्याच असतात. पहिलें पेडल पंचमाच्या तारा धैवतापर्यंत चढवितें. दुसरें गंधाराच्या तारा शुद्ध मध्यमापर्यंत. षड्ज जागचा हलत नाहीं. कांडी जराहि न हलवितां दोन्ही पेडलें सावकाश दाबलीं कीं सा-ग-प चें सा-म-ध होतें, आणि मध्यमच नवा षड्ज झाल्याचा भास होतो. दोन मिंडी एकाच वेळीं, निरनिराळ्या लांबीच्या, आणि त्यांच्यामध्यें एक अचल स्वर! या वाद्याचा सारा जीव या एका क्रियेंत सांठलेला आहे. पहिल्या पंधरवड्यांत याखेरीज दुसरें कांहीं वाजवूं नये, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

मग हळूहळू कांडी हलवावी. तिसऱ्या रेषेवर ती ठेवली कीं जी स्वराचा समूह मिळतो; तेथेंच दोन्ही पेडलें दाबलीं कीं सी चा; आणि पेडलें दाबलेलींच ठेवून कांडी पांचव्या रेषेवर नेली कीं डी चा. अमेरिकन ग्रामीण घाटाच्या असंख्य गाण्यांना या तीन समूहांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

येथेंच कानाचा प्रश्न येतो. त्या रेषा सतारीच्या पडद्यांसारख्या नव्हेत. त्या नुसत्या रंगविलेल्या खुणा आहेत. साध्या गिटारवर बोट पट्टीच्या किंचित् मागें ठेवतात. येथें कांडी बरोबर रेषेच्या माथ्यावर यावी लागते, आणि नजर तिरकी असली तर रेषाहि फसविते. यास्तव डोळ्यांवर विसंबूं नये. तंबोरा लावून त्याच्या षड्जाशीं कांडी मिळविण्याचा सराव करावा. हार्मोनियमच्या ठराविक स्वरांविषयीं आपल्याकडे जो वाद झाला, तसाच कांहींसा येथेंहि आहे : कित्येक वादक गंधाराच्या तारा पियानोच्या स्वराहून किंचित् उतरवून लावतात, कारण तसा गंधार षड्जाशीं अधिक गोड मिळतो. ज्या घरांत तंबोरा वाजला आहे, तेथल्या नवशिक्याला हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

उजव्या हाताची अडचण अशी कीं, तार छेडण्यापेक्षां ती थांबविणें कठीण. दहा तारा मोकळ्या सोडल्या तर नुसता कोलाहल माजतो. म्हणून तळहाताची कड तारांवर हलकेच टेकवून नको तो नाद मारावा लागतो, आणि हें प्रत्येक स्वरागणिक. कांडीच्या मागें डाव्या हाताचीं उरलेलीं बोटें तारांवर विसावलेलीं असावींत, तीं याच कारणासाठीं. हा सराव कंटाळवाणा आहे. तो टाळणाऱ्याचें वादन मात्र वर्षानुवर्षें गढूळच राहतें.

आवाजाच्या पेडलाविषयीं एवढेंच : त्याचा उपयोग मावळत्या स्वराला आधार देण्याकरितां आहे. नवशिके प्रत्येक ठोक्याला तें पंपासारखें हलवितात. तें ऐकवत नाहीं. कांडी थरथरवून स्वराला कंप देण्याची घाईहि नको. बेसूर झांकण्याची ती सोयीची पळवाट ठरते.

नवें चांगलें वाद्य कित्येक हजार डॉलरांना पडतें, आणि शिक्षक अमेरिकेंतहि गांवोगांवीं नाहींत. विनी विन्स्टन व बिल कीथ यांचें १९७५ सालीं निघालेलें पुस्तक अनेकांना गुरुस्थानीं झालें आहे. आरंभीं एकाच मानेचें, तीन पेडलांचें वाद्य पुरे. दोन मानांच्या वाद्यावर दुसऱ्या मानेला 'सी सिक्स्थ' ही निराळीच जुळणी असते, तिचा मोह नंतर करावा. वापरलेलें वाद्य घेतांना मात्र तें उलटें करून खालचे दांडे-कांटे पाहावेत, आणि पेडल सोडल्यावर प्रत्येक तार पूर्वींच्याच स्वरावर परत येते कीं नाहीं तें कानानें तपासावें. तिसरी तार, इंचाच्या अवघ्या ०.०११ जाडीची, इतर तारांहून अधिक वेळां तुटते, कारण ती आधींच फार ताणलेली असून पेडल तिला आणखी ओढतें. तिच्या चार-सहा जोडतारा पहिल्याच दिवशीं विकत घेऊन ठेवाव्यात.