वाचन आणि लेखन स्पर्धा : मुलांचे शब्द मुलांचेच राहोत

शाळेतून लेखनस्पर्धेची सूचना घरी आली की अनेक घरांत एक गोष्ट हमखास घडते. मूल विषय सांगते आणि पेन मात्र आईवडिलांच्या हाती जाते. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या वस्तीतील पालकांनी, आणि खरे तर आपण सर्वांनीच, अशा स्पर्धांचा मूळ हेतू समजून घेणे अगत्याचे आहे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रातील शाळांत २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिवस’ म्हणून साजरा होतो. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पुढे ‘महावाचन उत्सव’ हा उपक्रम राबविला. २०२४ साली त्यात तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे तीन गट होते. विद्यार्थ्याने आवडीचे पुस्तक वाचावे, त्यावर दीडशे ते दोनशे शब्दांत लिहावे आणि आपले विचार थोडक्यात बोलून दाखवावेत, अशी त्याची रचना होती.

या क्रमामागे विचार आहे. वाचनाने मुलाजवळ शब्द येतात, लेखनाने ते शब्द त्याचे स्वतःचे होतात आणि मोठ्याने वाचून दाखविल्याने ते दुसऱ्यापर्यंत पोहोचतात. यातील मधली पायरी पालकांनी स्वतःच चढली, तर मुलाच्या हाती केवळ प्रमाणपत्र उरते.

हा विचार वर्ध्याच्या भूमीला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि ते हातांनी करावयाच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेले असावे, असे ठराव तीत झाले. त्यातूनच ‘नई तालीम’ आकारास आली. मुलाच्या भोवतालचे जीवन हाच त्याच्या शिक्षणाचा पाया होय, हे सूत्र लेखनालाही लागू पडते.

म्हणूनच ‘माझा आवडता ऋतू’ यावरील पाठ केलेल्या निबंधापेक्षा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल सजवून नेणाऱ्या मुलाने लिहिलेल्या दहा ओळी अधिक मोलाच्या ठरतात. कापूस वेचायला गेलेल्या आईविषयी लिहिताना मुलीने ‘कपाशी’ऐवजी घरातील ‘पऱ्हाटी’ हा शब्द वापरला, तर परीक्षकांनी गुण कापू नयेत. शुद्धलेखन सावकाश शिकविता येते. परंतु आपल्या घरची भाषा लिहिण्याच्या योग्यतेची नाही, असे मुलाला एकदा वाटले की ते लिहिणेच सोडून देते.

मग पालकांनी करावे तरी काय? विषय सुचवू नये, प्रश्न विचारावेत: तू काय पाहिलेस, तुला काय वाटले, पुढे काय झाले? मुलाने लिहिलेले प्रथम लक्षपूर्वक ऐकावे, चुका नंतर दाखवाव्यात. घरी पुस्तके नसतील तर शाळेच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयातून आणावीत. धर्मग्रामाच्या सभागृहातही महिन्यातून एकदा मुलांच्या वाचनाची बैठक सहज भरविता येईल.

बक्षीस एकालाच मिळते. परंतु स्वतःचे चार शब्द स्वतः लिहून, चारचौघांत निर्भयपणे वाचून दाखविणारे प्रत्येक मूल काहीतरी मिळवूनच घरी परतते. ते त्याला मिळावे म्हणून आपण पेन त्याच्याच हाती राहू द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.