वर्गणी भरण्यापूर्वी

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे सोयाबीनचा भाव, पावसाची ओढ आणि जालन्याची एस. टी. या विषयांपलीकडे पारावरचे संभाषण सहसा जात नाही, तेथे एखाद्या गृहस्थाने खाजगी व्यायामशाळेचे सभासद होऊन रॅकेटबॉल खेळावा काय, असा प्रश्न काढला, तर ऐकणारा प्रथम त्याच्या प्रकृतीची आणि मग मिळकतीची चौकशी करील. परंतु ज्या घरचा मुलगा अमेरिकेत नोकरीस आहे, त्या घरात हा प्रश्न फोनवरून येऊ शकतो. आणि रॅकेटबॉलच्या जागी बॅडमिंटन हा शब्द घातला, की तो मंठ्याच्याही उंबरठ्याशी येऊन उभा राहतो.

रॅकेटबॉल हा खेळ अलीकडचा. कनेक्टिकट प्रांतातील ग्रीनिच येथे जो सोबेक नामक गृहस्थाने १९५० च्या सुमारास आखूड मुठीची, तार ओवलेली रॅकेट घेऊन तो सिद्ध केला. ४० फूट लांब, २० फूट रुंद व २० फूट उंच अशा बंद दालनात तो खेळतात. चारही भिंती आणि छतसुद्धा खेळात धरलेले असतात, आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला रबरी चेंडू दुसरा टप्पा घेण्यापूर्वी फटकावावा लागतो. असे दालन कोणाच्या अंगणात मावणारे नाही. सबब हा खेळ आणि क्लबाची वर्गणी यांचे नाते जन्मापासूनचे आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशा खाजगी क्लबांचे पेव फुटले. पुढे ती लाट ओसरली, तेव्हा कित्येक दालनांत व्यायामाची यंत्रे येऊन बसली. म्हणून वर्षाची वर्गणी एकरकमी भरणाऱ्याने पहिली विचारणा ही करावी, की माझ्या सभासदत्वाची मुदत संपेपर्यंत हे दालन खेळासाठीच राहणार आहे ना?

या कुळातील खेळांचा पूर्वेतिहास मोठा मौजेचा आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये फ्लीट आणि किंग्ज बेंच या तुरुंगांत कर्ज न फेडल्यामुळे अडकलेले कैदी तुरुंगाच्या भिंतीवर चेंडू मारून कालक्रमणा करीत, आणि त्यातून ‘रॅकेट्स’ हा खेळ आकारास आला. त्या ऋणकोंपाशी भिंत, फुरसत आणि सोबती ही तिन्ही साधने अनायासे होती. आजचा सभासद वर्गणी भरून यांपैकी केवळ भिंत मिळवतो. फुरसत आणि सोबती त्याने घरूनच आणावयाचे असतात, आणि सभासदत्वाचे बहुतेक व्यवहार बुडीत निघतात ते याच विस्मरणामुळे.

बॅडमिंटनची गोष्ट आपल्या घरची आहे. त्याचे आरंभीचे नियम पुण्याच्या लष्करी छावणीत १८७३ च्या सुमारास बांधले गेले, आणि सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून या खेळात भारताचे नाव प्रथम झळकवले. मात्र सोळा पिसांचे, जेमतेम पाच ग्रॅमचे फूल मराठवाड्याच्या उघड्या वाऱ्यात हाताबाहेर जाते. म्हणून येथे छप्पर आले, आणि छपराबरोबर वर्गणी आली.

तेव्हा जमाखर्च मांडावा. समजा, वर्षाची वर्गणी १२,००० रुपये आहे. २४० दिवस खेळणाऱ्यास एक दिवस ५० रुपयांस पडेल. पण वैशाखाचे ऊन, मृगाची पेरणी, लग्नसराई, परीक्षा आणि दिवाळी यांची वजावट होऊन ४० च दिवस उरले, तर तोच दिवस ३०० रुपयांचा होईल. याउपर फुले, बूट आणि पेट्रोल हा खर्च निराळाच. शिवाय कोर्टाचे भाडे वर्गणीत धरले आहे की अलाहिदा, संध्याकाळची वेळ लेखी ठरली आहे की तोंडी, अनामत परत मिळते काय, आणि जमीन लाकडी आहे की गुडघ्यांची परीक्षा पाहणारी सिमेंटची, याचा खुलासा पावती फाडण्यापूर्वीच करून घ्यावा. चाळिशी उलटलेल्याने डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा. आणि रॅकेटबॉल खेळणाऱ्याने डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढविल्यावाचून दालनात पाऊल टाकू नये.

छपरावाचूनही मार्ग आहे. बॉल बॅडमिंटन हा पाच-पाच गड्यांचा खेळ पिवळ्या लोकरीच्या चेंडूने उघड्या मैदानावर खेळतात. त्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंजावरच्या राजघराण्यात, म्हणजे मराठी भोसल्यांच्या घरी, झाल्याचे सांगतात. लोकरीचा चेंडू पिसांच्या फुलाइतका वाऱ्याला भीत नाही. आणि मंठ्याच्याच जिल्ह्यातील जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी बलोपासनेसाठी मारुतीची देवळे उभारली, तेव्हा तेथे वर्गणीची पावती नव्हती, नित्यनेम मात्र होता.

तस्मात माझी सूचना इतकीच, की क्लबाच्या कचेरीत जाण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर मुख्याध्यापकांच्या परवानगीने एक जाळे बांधावे, चार सोबती गोळा करावेत आणि सकाळी सहाची वेळ ठरवून महिनाभर खेळून पाहावे. तिसाव्या दिवशीही चौघे हजर असले, तर छपराखाली जाऊन खुशाल वर्गणी भरावी. आणि जाळ्यापाशी आपण एकटेच उभे असलो, तर १२,००० रुपये वाचले असे समजून घराकडे जरा लांबच्या वाटेने पायी परतावे.