पाय न ठेवता पाहायचं बेट

मालवण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं स्कूबा, सुरमई थाळी आणि तारकर्लीचे रील्स. पण त्याच समुद्रात, निवती-वेंगुर्ल्याच्या समोर, काही उघडेबोडके खडक पाण्यातून वर आलेत. एकावर दीपगृह आहे, बाकी सगळा कारभार पक्ष्यांचा. नकाशात शोधाल तर ‘वेंगुर्ला रॉक्स’ किंवा ‘बर्न्ट आयलंड्स’, गावात विचाराल तर ‘निवती रॉक’. दहा-बारा जणांनी मिळून बोट ठरवली तर एका दिवसात आरामात जाऊन येता येतं.

निघायचं मात्र भल्या सकाळी. दुपारी वारा सुटला की दर्या उसळायला लागतो, आणि मग दुर्बिणीत पक्षी कमी, आभाळ-पाणी-आभाळ जास्त दिसतं. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधीच घ्यावी, मळमळायला लागल्यावर नाही. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघा. पावसाळ्यात तर हा बेत काढायचाच नाही.

किनाऱ्याजवळ भेटतात ते कुरव. हिवाळ्यात लडाख-तिबेटकडून आलेले हे पाहुणे. खरी मजा किनारा पुसट झाल्यावर. पाण्यावर भोवऱ्यासारखी स्वतःभोवती गिरक्या घेणारी चिमुकली पाखरं दिसली तर बोट हळू करायला सांगा. ती रेड-नेक्ड फॅलारोप. आर्क्टिकच्या टुंड्रात घरटं करणार आणि हिवाळा काढायला अरबी समुद्रात येणार! गिरक्यांमुळे खालचं बारीक खाद्य वर येतं, ते टिपायचं. यांच्यात मादी जास्त रंगीत, अंडी उबवतो नर. स्कुआ दिसला तर ओळखायला सोपा: दुसऱ्याच्या तोंडचा मासा पळवण्यासाठी जिवाच्या आकांतानं पाठलाग करणारा तोच. आणि फारच नशीब असेल तर विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. चिमणीहून थोडासाच मोठा, जन्म अंटार्क्टिकाकडचा, लाटांवर पाय टेकवत चालल्यासारखा उडतो.

खडक जवळ आले की आधी कलकलाट ऐकू येतो. ब्रायडल्ड टर्न इथे वीण करतात. ठसठशीत पांढरी भुवई असलेला हा पक्षी एका वेळी एकच अंडं घालतो, तेही कपारीत, जवळजवळ उघड्यावरच. आणखी आत, गुहांमध्ये, पाकोळ्या. वटवाघळासारखा टिकटिक आवाज करून त्या अंधारात वाट काढतात आणि लाळेनं चिकटवलेली घरटी भिंतीवर बांधतात.

त्या लाळेनंच घात केला. चिनी सूपसाठी या घरट्यांना परदेशात मोठी किंमत येते, म्हणून वर्षानुवर्षं ती इथून चोरली जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, इथल्या पाकोळ्यांच्या संरक्षणाचं काम हाती घेतलं. (वेळासच्या कासव महोत्सवामुळे हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल.) त्याच्याही किती आधी, १८७५ मध्ये, ए. ओ. ह्यूम इथे आला होता. हो, तोच, इतिहासाच्या पुस्तकात काँग्रेसच्या स्थापनेत भेटणारा. काँग्रेसच्या दहा वर्षं आधी साहेब पक्षी बघत फिरत होते आणि ‘स्ट्रे फेदर्स’ हे स्वतःचं नियतकालिक चालवत होते.

आता बोटीत हमखास होणारा वाद. एवढ्या लांब आलोय, तर खडकावर उतरून एक सेल्फी तरी? विणीच्या काळात तरी अजिबात नाही. आपण उतरलो की सगळी टर्न उठतात. अंडं तापत्या खडकावर उघडं राहतं आणि पिल्लावर टपलेल्या शिकारी पक्ष्यांना रान मोकळं मिळतं. बोटवाला ‘उतरवतो’ म्हणाला तरी आपणच नको म्हणायचं; गिऱ्हाईक आग्रह करतं म्हणूनच तो विचारत असतो. गुहेच्या तोंडाशी फ्लॅश, ड्रोन, आरडाओरडा, हेही नको. त्यापेक्षा बोट थोडी लांब ठेवून इंजिन बंद करायला सांगा. पक्षी स्वतःच डोक्यावरून जातात.

दिसलेले पक्षी वेळ आणि जागेसकट ‘ई-बर्ड’वर टाका. समुद्रात जाणारे पक्षीनिरीक्षक मुळात कमी, त्यामुळे इथली एकेक नोंद मोलाची. आणि तांडेलाशी गप्पा मारा. मासळीचा थवा कुठे आहे हे तो पक्ष्यांच्या घिरट्यांवरून ओळखतो, आपल्याकडे दुर्बीण असून आपण त्याच्या मागेच असतो.

मुंबईकरांना सिंधुदुर्ग लांब पडत असेल तर हिवाळ्यात गेटवेवरून मांडव्याची बोट पकडा. तिच्यामागे कुरवांची अख्खी वरात असते. फक्त गाठ्या आणि वेफर्स स्वतः खा, त्यांना फेकू नका. त्यांना मासे पकडता येतात.