घटसर्पाचं दार आणि त्यावरची राखण

जुन्या जालन्यातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि लसीचा विषय निघाला. एका ताईंनी मुलीला दहाव्या वर्षाची लस दिलीच नव्हती. त्या म्हणाल्या, "लहानपणी सगळ्या सुया झाल्यात की. आणि घटसर्प तर म्हशींना होतो ना?" आम्ही हसलो नाही, कारण निम्म्या जणींना तेच वाटत होतं.

नाव एक, पण आजार दोन. पावसाळ्याआधी जनावरांना टोचतात तो घटसर्प वेगळा, त्याचे जंतूही वेगळे. माणसाच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात. त्यात घसा दुखतो, ताप येतो, घशात राखाडी-पांढरा पडदा धरतो, मान सुजते आणि श्वास कोंडतो. जंतू बहुतेक घशातच राहतात, पण त्यांचं विष रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोचतं.

हे विष पेशीत शिरतं कसं? आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी संभाजीनगरला बायोटेक्नॉलॉजी शिकते. तिने समजावून सांगितलं. आपल्या पेशींवर एचबी-ईजीएफ नावाचं एक प्रथिन असतं. जखम भरताना नवी कातडी धरायला ते मदत करतं, गर्भ गर्भाशयात रुजतानाही त्याचं काम असतं. म्हणजे ते वाढीचं प्रथिन. घटसर्पाचं विष नेमकं त्यालाच चिकटून आत शिरतं, हे १९९२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. उंदरांच्या पेशींवर हेच प्रथिन जरा वेगळ्या घडणीचं असतं, म्हणून त्यांना हे विष सहसा बाधत नाही.

आत शिरलेलं विष पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. चूल विझली की घर उपाशी, तसं होतं आणि पेशी मरते. विषाचा एक कण एका पेशीला पुरतो.

हे प्रथिन शोधायला प्रयोगशाळेत प्रतिपिंड वापरतात. बरणीचं झाकण त्याच बरणीला बसतं, तसं हे प्रतिपिंड त्याच प्रथिनाला चिकटतं. त्याला रंग किंवा चमक जोडली की प्रथिन कुठे आहे, किती आहे, ते दिसतं. अंडाशयाच्या कर्करोगात हे प्रथिन वाढलेलं आढळतं, म्हणूनही संशोधक ते शोधतात. त्या बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं. ते औषध नव्हे.

मग एका ताईंनी विचारलं, "ते दारच बंद करून टाकलं तर?" प्रश्न चांगला होता. पण जखम भरणारं दार बुजवून कसं चालेल? विषाला दाराबाहेरच धरायला हवं. ते काम दुसरं प्रतिपिंड करतं, विषाला चिकटणारं. ते आपल्या शरीरात तयार करून ठेवते ती लस.

आजार झालाच तर हेच प्रतिपिंड बाहेरून देतात. घोड्याच्या रक्तातून ते मिळवण्याची पद्धत १८९० च्या दशकापासूनची आहे. बेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाला याच कामासाठी १९०१ चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. आपल्याकडे पुण्याच्या पूनावालांचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे अशा औषधांसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

पण मैत्रिणींनो, पेशीत शिरलेलं विष हे औषध बाहेर काढू शकत नाही. बाहेर फिरणारं तेवढंच धरतं. म्हणून घशात पडदा दिसला तर तो खरवडू नका, काढे करत दिवस घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि लसीची राखण कालांतराने पातळ होते, म्हणून पुढचे डोस असतात. सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत मिळतात:

बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांनी पेंटाव्हॅलेंट.
१६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर.
५ ते ६ वर्षांत दुसरा.
१० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी. गरोदरपणातही टीडीच देतात.

ऊसतोडीला गेलेल्या घरांत पाचव्या आणि दहाव्या वर्षाचे डोस हमखास राहतात. उशीर झाला म्हणून आशाताई रागावतील, या भीतीने गप्प बसू नका. राहिलेला डोस पुढे घेता येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

त्या ताईंनी मुलीला टीडी देऊन आणली. एक दिवस दंड दुखला, एवढंच. आता आम्ही ठरवलंय, पुढच्या बैठकीला पासबुकासोबत मुलांची लसीकरण कार्डंही आणायची. तुमच्या गटातही आणा. कोणाचं काय राहिलंय, ते एका बैठकीत कळेल.